यंत्र सुरू, तोंड उघडे

पहाटेचे तीन वाजलेले असतात. उशाशी ठेवलेल्या यंत्राची बारीक घरघर चालू असते, नाकावर मास्क असतो आणि पन्नाशीचे गृहस्थ उताणे झोपलेले असतात. तोंड मात्र सताड उघडे. नळीतून आलेली हवा नाकातून आत शिरते आणि तोंडातून फुसफुसत बाहेर पडते. शेजारी जाग आलेली पत्नी खांदा हलवून म्हणते, ‘‘अहो, तोंड मिटा. मशीन लावलंय तरी घोरताय तुम्ही.’’ सकाळी घशाला कोरड, जीभ टाळूला चिकटलेली, डोके जड. पंधरा दिवसांत मास्क पिशवीत जातो आणि पिशवी कपाटावर. पुढच्या तपासणीत केसपेपरवर एक ओळ लिहिली जाते : रुग्ण यंत्र वापरत नाही.

ओळ खरी असते, पण अर्धीच. यंत्र का वापरले जात नाही, हे तिच्यात नसते. दोष रुग्णाच्या आळसाला किंवा ‘सहकार्य न करण्याला’ दिला जातो आणि विषय संपतो. आजार मात्र संपत नाही. हे गृहस्थ लांब पल्ल्याची गाडी चालवणारे असतील, तर त्या अर्ध्या ओळीची किंमत रस्त्यावरच्या इतरांनाही मोजावी लागू शकते.

स्लीप अॅप्नियात झोप लागल्यावर घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि मऊ टाळू मागे सरकतात आणि श्वासाची वाट बंद होते. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि वाट पुन्हा उघडते. श्वास थांबणे किंवा फार उथळ होणे तासाला ५ किंवा अधिक वेळा घडू लागले, तर तो आजार मानला जातो. १५च्या पुढे तो मध्यम आणि ३०च्या पुढे तीव्र. रुग्णाला सकाळी यातले बहुतेक काही आठवत नाही. ‘घोरतोय म्हणजे निवांत झोपलाय’ हा आपल्याकडचा समज त्यात भर घालतो. दिवसा येणारी झोप, औषधे घेऊनही न आवरणारा रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता या गोष्टी मग वेगवेगळ्या दारांत दाखवल्या जातात.

यावरचा सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे सीपॅप यंत्र. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला, तिथून याची सुरुवात झाली. आरंभीच्या यंत्रासाठी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती, हवा ओढण्याऐवजी ढकलण्यासाठी. कल्पना साधी होती : नाकातून हवेचा सतत दाब द्यायचा, म्हणजे घशाच्या भिंतींना आतून हवेचा टेकू मिळतो आणि वाट उघडी राहते. आजच्या यंत्रांत हा दाब साधारण ४ ते २० सेंटीमीटर पाण्याइतका ठेवता येतो.

या टेकूला एक अट आहे. घसा बंद नळीसारखा राहिला, तरच दाब टिकतो. एरवी निसर्ग इथे मदत करतो. नाकातून दाब आला की मऊ टाळू पुढे जिभेवर टेकतो आणि तोंडाकडची वाट आपोआप बंद होते. म्हणूनच अनेकांना नाकावरचा छोटा मास्क पुरतो. पण तोंड उघडले की पंक्चर ट्यूबमध्ये हवा भरावी, तशी गत होते. दाब पडतो, घसा पुन्हा मिटतो. गळती भरून काढण्यासाठी यंत्र आणखी जोराने हवा सोडते. ती कोरडी हवा नाकातून सुसाट जाते आणि नाकाचे अस्तर सुजते. नाक जड झाले की तोंड आणखी उघडते. हे चक्र रात्रभर चालते आणि रुग्ण सकाळी म्हणतो, ‘‘मशीन मला मानवत नाही.’’

‘‘मला लहानपणापासून तोंडानेच श्वास घ्यायची सवय आहे,’’ असेही अनेक जण सांगतात. ते खोटे बोलत नाहीत, पण सवय हा शब्द पुष्कळदा कारण झाकतो. कित्येकांचे तोंड स्लीप अॅप्नियामुळेच उघडे पडलेले असते आणि दाब नीट बसला की ते काही दिवसांत बरेचसे मिटू लागते. उरलेल्यांत तीन कारणे शोधावी लागतात. नाक बंद आहे का? झोपेत जबडा खाली पडतो का? यंत्राचा दाब चुकला आहे का? या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. कारण न शोधता केलेला उपाय म्हणजे जखम एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे.

सुरुवात नाकापासूनच व्हायला हवी. घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. आडवे पडून तोंड मिटावे, एकेक नाकपुडी बोटाने बंद करून दुसरीतून श्वास घेऊन पाहावा आणि मग दोन्ही मोकळ्या ठेवून तीन-चार मिनिटे शांत श्वास घ्यावा. जागेपणीही जे जमत नाही, ते झोपेत जमेल ही अपेक्षा चुकीची आहे. धुळीची अॅलर्जी, वाकडा पडदा, नाकातील कोंब किंवा वाढलेले मांस, यांपैकी काय आहे हे कान-नाक-घसा तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय कळत नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा अनेकांना फायदा होतो. मात्र त्यासाठी उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड पाणीच घ्यावे. अॅलर्जीवरचा स्टिरॉइडचा फवारा डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज वापरावा लागतो आणि त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. दोन दिवस मारून ‘काही उपयोग नाही’ म्हणणे ही त्या औषधावरची घाई आहे. उलट, औषधाच्या दुकानातून थेट मिळणारे, नाक झटकन मोकळे करणारे थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की नाक त्यांच्यावाचून उघडेनासे होते. असे थेंब वर्षानुवर्षे खिशात बाळगणारे रुग्ण कमी नाहीत.

नाकाइतकेच दुर्लक्ष होते ते यंत्राच्या ह्युमिडिफायरकडे. हवा गरम आणि ओलसर करणारी ही पाण्याची छोटी टाकी अनेक घरांत कोरडीच असते, कारण ती कशासाठी आहे हे कोणी सांगितलेलेच नसते. नाक आणि घसा कोरडा पडत असेल तर ती वापरायलाच हवी. तिच्यात डिस्टिल्ड पाणी घालावे, ते रोज बदलावे आणि टाकी धुऊन वाळवावी. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ओलावा वाढवावा लागतो. एसीच्या गार खोलीत नळीतच पाणी साचू लागले तर ओलावा थोडा कमी करावा किंवा नळी पांघरुणाखालून घ्यावी.

नाक मोकळे असूनही जबडा पडत असेल, तर कुशीवर झोपणे आणि डोक्याकडची बाजू थोडी उंच करणे हे पहिले उपाय. हनुवटीखालून डोक्यावर जाणारा कापडी पट्टा काहींना उपयोगी पडतो. बंद नाकावर मात्र तो उपाय नाही, आणि यंत्राला पर्याय तर नाहीच. रात्री कवळी काढून ठेवणाऱ्यांचा जबडा अधिक सैल पडतो आणि मास्कही सैल बसतो. त्यामुळे मास्कचे माप घेताना कवळीचा विषय काढायला हवा, आणि दाढी-मिशीचाही. दाब कमी असेल तर घसा मिटत राहतो आणि रुग्ण तोंड उघडून हवा शोधतो. जास्त असेल तर हवा ओठांतून वाट काढते. तो बदल मात्र घरच्या घरी करू नये.

आता नाक-तोंड झाकणाऱ्या मोठ्या मास्कविषयी. तोंड उघडते म्हटल्यावर हाच मास्क हाती देण्याची पद्धत रुळली आहे. ज्यांचे नाक खरोखरच मोकळे होऊ शकत नाही, त्यांना त्याचा आधार आहे आणि तो नाकारू नये. पण तो पहिला उपाय ठरू नये. त्याचा कडेचा भाग मोठा असल्याने गळतीला जागा जास्त, पट्टे घट्ट ओढले तर तो जबडा मागे ढकलतो आणि अनेकदा दाबही जास्त लागतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही नाकावरच्या मास्कलाच पसंती देतात. शिवाय उलटी झाली तर स्वतःच्या हाताने मास्क काढू न शकणाऱ्या रुग्णाला तो लावणे धोक्याचे आहे.

ओठांवर चिकटपट्टी लावून झोपण्याची जी टूम मोबाइलवरच्या व्हिडीओंतून पसरली आहे, तिच्याबद्दल तर स्पष्टच बोलायला हवे. नाक चोंदलेले असताना तोंड ही शरीराची राखीव वाट असते. ती चिकटवून टाकणे, तेही मद्य किंवा झोपेची गोळी घेतल्यावर, म्हणजे जिवाशी खेळ. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. मध्यरात्री वीज गेली की यंत्र बंद पडते. मोठ्या मास्कमध्ये अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. नाकावरच्या लहान मास्कमध्ये सहसा ती नसते, तिथे तोंडच कामाला येते. तपासणी न करता, कोणाला न विचारता त्या तोंडाला पट्टी लावू नये.

हे सारे उपाय साधे आहेत. तरीही यंत्रे कपाटावर जातात, कारण आपल्याकडे उपचार यंत्राच्या विक्रीपाशीच संपतो. हजारो रुपयांचे यंत्र पंधरा-वीस मिनिटांत दाखवून घरी पाठवले जाते. खरी अडचण सुरू होते ती त्या रात्रीपासून. ती ऐकायला कोणी नेमलेलेच नसते. आजची बहुतेक यंत्रे रोजचे तास, उरलेले श्वासरोध आणि गळती यांची नोंद ठेवतात. पण ती नोंद पाहिली जातेच असे नाही, आणि पाहिली तरी नजर तासांवर असते. ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर झाला की कागदावर उपचार पुरेसा ठरतो. तास भरले आणि त्यातली निम्मी हवा तोंडातून गेली, तर तो आकडा कोणाच्या कामाचा? गळतीची नोंद तासांइतक्याच गांभीर्याने वाचली गेली पाहिजे.

सरकारी रुग्णालयांत यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. छातीरोग आणि कान-नाक-घसा हे विभाग बहुधा एकाच आवारात असतात. रुग्णाला मात्र दोन केसपेपर, दोन रांगा आणि दोन दिवस लागतात. रोजंदारीवर किंवा ड्युटीवर असलेल्या माणसाचे दोन दिवस बुडतात, म्हणून तो दुसऱ्या रांगेत उभाच राहत नाही. आठवड्यातून एक सकाळ दोन्ही विभागांनी एकत्र बसावे, तीन-चार मापांचे मास्क लावून पाहण्यासाठी ठेवावेत, एका परिचारिकेला गळती वाचायला आणि पट्टे बसवायला शिकवावे आणि यंत्र दिल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात एक फोन करावा. खासगी दवाखान्यांनी आणि विक्रेत्यांनीही पहिल्या महिन्याचा पाठपुरावा किमतीतच धरावा. तो उपकार नाही, उपचाराचाच भाग आहे.

घरच्यांचाही यात वाटा आहे. झोपलेल्या माणसाला आपले तोंड दिसत नाही, ते शेजारी झोपणाऱ्यालाच दिसते. त्यामुळे पुढच्या तपासणीला पत्नीने किंवा मुलाने बरोबर जावे, रात्री काय घडते ते सांगावे, जमल्यास मिनिटभराचे चित्रीकरण दाखवावे. आणि जाताना नुसती फाइल नेऊ नये. कपाटावरची ती पिशवी खाली काढावी आणि यंत्र, नळी, मास्क सगळे घेऊनच दवाखान्यात जावे.