कॉम्प्युटर घेताना आधी वॅट विचारा

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज 11च्या अटींत न बसणारे जुने कॉम्प्युटर त्यामुळे अनेक घरांत बदलावे लागणार आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा किंवा तालुक्याच्या दुकानात, असेंबल्ड कॉम्प्युटरच्या कोटेशनमध्ये प्रोसेसर, रॅम, एसएसडी, कॅबिनेट असे सगळे रकाने असतात. आवाजाचा मात्र नसतो. बँकेची कामे, मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, चित्रपट आणि थोडेफार फोटो एवढाच वापर असलेल्या घरात पुढची सात-आठ वर्षे रोज जाणवणार आहे तो नेमका आवाजच. तो पुढे दुरुस्तीने फारसा कमी होत नाही. भाग निवडतानाच तो ठरतो, आणि गेमिंग करायचे नसेल तर शांत कॉम्प्युटरसाठी फारसे जादा पैसेही लागत नाहीत. नको असलेली ताकद विकत न घेणे, हाच त्याचा मोठा भाग आहे.

कारण साधे आहे. कॉम्प्युटरने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते, ती बाहेर काढायला पंखे लागतात आणि पंखे आवाज करतात. इंटेलचा आय9-14900के पूर्ण भारावर 253 वॅटपर्यंत जातो. त्याच पिढीतला आय3-14100 कमाल 110 वॅटवर थांबतो, आणि घरगुती कामात तो तिथवर क्वचितच पोहोचतो. दुसरी मोठी भट्टी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. गेम खेळायचे नसतील तर ते वगळावे. प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स 4के व्हिडिओ सहज चालवतात. इथे एका अक्षराकडे लक्ष हवे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो, त्यात ही सोय नसते. तो थोडा स्वस्त पडतो, पण मग पडद्यावर चित्र आणण्यासाठीच वेगळे कार्ड घ्यावे लागते, आणि स्वस्त कार्डावरचा छोटा पंखा कर्कश असतो.

पंख्यांचे गणितही ग्राहकाच्या बाजूचे आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो; 10 डेसिबलची घट कानाला जवळपास निम्मी वाटते. म्हणून मोठा पंखा सावकाश फिरवणे हे छोटा पंखा जोरात फिरवण्यापेक्षा केव्हाही चांगले. प्रोसेसरच्या खोक्यात येणाऱ्या बुटक्या कूलरऐवजी 120 मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर बसवला तर फरक लगेच कळतो. कानाला एकसारख्या आवाजापेक्षा चढउतार जास्त खुपतो. त्यामुळे क्षणभर तापमान वाढले म्हणून पंखा उसळणार नाही, अशी सेटिंग बायोसमध्ये दुकानदाराकडूनच करून घ्यावी. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, टाळावा. 100 वॅटच्या भाराला 70 टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस सुमारे 43 वॅट स्वतःच उष्णतेत घालवतो. 90 टक्क्यांचा फक्त 11. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120, आणि तीच गुणगुण पत्र्याच्या कॅबिनेटमधून टेबलात उतरते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो भविष्याचा: आज जास्त ताकदीचा प्रोसेसर घेतला तर तो पुढे टिकेल. पण घरातला कॉम्प्युटर म्हातारा वाटू लागतो तो बहुधा रॅम अपुरी पडल्यामुळे किंवा हार्ड डिस्क संथ असल्यामुळे. 16 जीबी रॅम आणि चांगली एसएसडी घेतली, तर मधल्या दर्जाचा प्रोसेसर या कामांना वर्षानुवर्षे पुरतो. दुसरा आक्षेप असा की रस्त्यावरचे हॉर्न आणि छताचा पंखा असताना या घरघरीचे काय एवढे? आपल्याच ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. बाहेरचा गोंगाट त्याहून जास्त असतो, हे खरे. पण म्हणून घरात आणखी एक आवाज विकत आणावा, असे होत नाही. अभ्यास रात्रीच होतो, झोपणारी माणसे त्याच खोलीत असतात आणि ऑनलाइन वर्गात मायक्रोफोन ही घरघर पलीकडे पोहोचवतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात पंखे सावकाश फिरवून कसे चालेल? प्रोसेसर 75 अंशांवर ठेवायचा असेल तर 25 अंशांच्या खोलीत 50 अंशांचा फरक हाताशी असतो, 40 अंशांच्या खोलीत फक्त 35. तेवढ्याच उष्णतेसाठी पंख्याला जास्त राबावे लागते. याच कारणाने विदर्भात कमी वॅटचा प्रोसेसर आणि मोठा कूलर हा पर्याय अधिकच पटतो. तापणारी मशीन तिथे मे महिन्यात सर्वांत जास्त ओरडेल. धुळीसाठी पुढच्या बाजूला काढून धुता येणारी जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे, कारण कूलरच्या पात्यांत धूळ बसली की शांत मशीनही वर्षभरात घरघरू लागते. लोडशेडिंगच्या गावात आणखी एक फायदा होतो: 600 व्हीएचा साधा यूपीएस कमी वॅटच्या कॉम्प्युटरला बराच जास्त वेळ तोलून धरतो. लॅपटॉप हा पर्याय आहेच. पण त्याच्या पातळ अंगात छोटाच पंखा मावतो आणि पुढे बदलता येतील असे भाग मोजकेच असतात. फक्त ब्राउझर आणि व्हिडिओ एवढेच काम असेल, तर इंटेलच्या 6 वॅटच्या एन100 प्रोसेसरचा बिनपंख्याचा मिनी पीसी पुरेसा आहे आणि तो खरोखर निःशब्द असतो.

तेव्हा कोटेशन हातात आले की प्रोसेसर कमाल किती वॅट खातो, कूलरचा पंखा किती मिलिमीटरचा आहे आणि एसएमपीएसची कार्यक्षमता किती, हे तीन आकडे दुकानदाराला लिहून द्यायला सांगा. ग्राहक विचारू लागले की दुकानदार तसा माल ठेवू लागतील. ज्या कोटेशनवर हे आकडे नसतील, त्यावर ॲडव्हान्स देऊ नका.