जप्ती आली तेव्हा तुम्ही कुठं होतात?

पुतळ्याच्या चौथऱ्यावर कुणी ओरखडा काढला तर तासाभरात आपण पाचशे पोरं रस्त्यावर आणतो. आणायलाच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण परवा संध्याकाळी सात वाजता तिसऱ्या गल्लीत दोन वसुलीवाले एका बाईच्या दारात मोटारसायकल आडवी लावून बसले. दोन तास बसले. तिच्या सासूच्या कर्जासाठी. सासू जाऊन पाच महिने झालेत. आणि आपली पोरं समोरच विहाराच्या पायरीवर मोबाईल बघत होती. मी विचारलं तर एक जण म्हणाला, "सर, तो त्यांचा घरचा मामला आहे. घेतलंय म्हटल्यावर द्यावंच लागणार ना!"

घरचा मामला! हेच वाक्य मी 1986 साली ऐकलंय. ऐकून गप्प बसलोय. त्याची लाज अजून जात नाही, म्हणून हे लिहितोय. गोड लागणार नाही.

तेव्हा मराठवाड्यात नामांतराचे दिवस होते. मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. पिशवीत पत्रकं, तोंडात घोषणा. घरात मोठा भाऊ कमावता. दादा शिंपी होता, स्वतः शिकलेला. एका शाळेच्या गणवेशाची ऑर्डर त्यानं घेतली. कापड उधारीवर उचललं, रात्रंदिवस शिवून दिलं. संस्थाचालकानं शिलाई दिली नाही आणि कापडाचे पैसेही दिले नाहीत. आज या, उद्या या. इकडं कापडवाल्यानं कोर्टात दावा लावला. समन्स घरी आलं. दादानं ते घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलं, कपड्यांच्या तळाशी. आम्हाला सांगितलंच नाही. तो तारखेला गेला नाही. कोर्ट म्हणजे गुन्हेगारानं जायची जागा, एवढंच त्याला ठाऊक. एकतर्फी हुकूमनामा झाला. खर्च धरून 1,800 रुपये.

मग एका सकाळी बेलिफ आला. सोबत दुकानदाराचा मुनीम, दोन हमाल, एक हातगाडी. दादा घरात नव्हता. कुठं होता? पहाटेच उठून त्या संस्थाचालकाच्या दारात पैसे मागायला जाऊन बसला होता. ध्यानात घ्या. ज्यानं आमचे बुडवले त्याच्या बंगल्यावर कधी हातगाडी गेली नाही. ती आमच्या पत्र्याच्या घरावर आली.

आणि तो बेलिफ आपलाच होता. दारात उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "जयभीम मावशी. नोकरी आहे, काय करू." मायनं त्याला चहा दिला. मग म्हणाली, "माणसं आत घालू नका, मीच काढून देते." आणि तिनं स्वतःच्या हातानं सामान बाहेर काढलं. दोन पितळी हंडे. परात. लोखंडी पलंग आणि त्याच्यावरची गादी. सगळ्यात शेवटी दादाची शिलाई मशीन. ती जड होती. मी हात लावला. हो, मीच उचलून दिली. मुनीम म्हणाला, "पोरगं शिकलेलं दिसतंय." बेलिफानं यादी पुढं केली, म्हणाला, "वाचून सही कर." मी न वाचता सही केली.

गल्लीतली दारं बंद होती. फटीतून डोळे दिसत होते. संध्याकाळी सभेला गेलो तर आमच्या पुढाऱ्यानं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "घरचा मामला आहे, मनाला लावून घेऊ नको." मग त्यानं सत्तेवर तासभर भाषण केलं. मी टाळ्या वाजवल्या.

मशीन लिलावात 260 रुपयांना गेली. घेतली दुकानदाराच्याच मेव्हण्यानं. दादा त्यानंतर मिस्त्रीच्या हाताखाली बिगारी झाला. शिवलेला टाका पुन्हा कधी घातला नाही त्यानं.

पुढं बारा वर्षांनी पोटासाठी एका वकिलाकडं कारकुनी करत होतो. दिवाणी प्रक्रिया संहिता हाताशी आली. 1908 चा कायदा, कलम 60. वाचलं आणि पायाखालची जमीन सरकली. जप्त करता येत नाही असं काय काय आहे त्यात? ऋणकोचे, त्याच्या बायकोपोरांचे अंगावरचे लागतील तेवढे कपडे. स्वयंपाकाची भांडी. खाट आणि अंथरूण-पांघरूण. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं. मजूर ज्या घरात राहतो ते त्याचं स्वतःचं घर. मजुराची मजुरी. म्हणजे आमची परात, आमची गादी, दादाची मशीन, यातल्या एकाही वस्तूला हात लावायचा अधिकार नव्हता! आणि हंडे तर मायचे होते, तिच्या खुरपणीच्या पैशातले. तिनं कुणाचं कर्ज घेतलं नव्हतं. दुसऱ्याच्या कर्जापायी आपली वस्तू नेली तर त्याच कोर्टात हरकतीचा अर्ज देता येतो, आदेश 21, नियम 58. यातलं बहुतेक इंग्रजाच्या काळापासून छापलेलं होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही. खरं म्हणजे आम्ही विचारलं नाही. मी बी. ए. ला होतो, अडाणी नव्हतो. माझ्या तोंडात 'शिका' हा शब्द दिवसातून दहा वेळा असायचा!

बाबासाहेब बॅरिस्टर होते ते काय फोटोतल्या कोटासाठी? 1937 साली खोती मोडायचं बिल त्यांनी कायदेमंडळात आणलं, 1938 च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. हातात कागद आणि पाठीशी माणसं, दोन्ही. आपण माणसं तेवढी घेतली आणि कागद वकिलाकडं ठेवून दिला.

आता तुम्ही म्हणाल, घेतलेलं बुडवायचं का? नाही. दादा बुडव्या नव्हता, कापडवालाही चोर नव्हता. फेडायचं. पण कुणी फेडायचं, किती, आणि कशातून, हा प्रश्न आहे. तो विचारायच्या आतच आपली मान खाली का जाते, हा त्याहून मोठा प्रश्न.

याचं मूळ कुठं आहे ते सांगतो. 25 डिसेंबर 1927 ला महाडला जी मनुस्मृती जाळली तिचा आठवा अध्याय कर्जावर बोलतो. महिन्याचं व्याज वर्णाप्रमाणे. ब्राह्मणाला शेकडा दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार, शूद्राला पाच. ज्याच्याकडं कमी त्याला जास्त! पुढं तिथंच लिहिलंय, ऋणको बरोबरीच्या किंवा खालच्या जातीचा असेल तर त्यानं राबून फेडावं, वरच्या जातीचा असेल तर सवडीनं द्यावं. सालगडी, वेठबिगार हे काय आभाळातून पडले? वेठबिगारी मोडायला 1976 चा कायदा यावा लागला. आणि बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, हे तर स्वतंत्र भारताची कोर्टं हिंदू कायदा म्हणून चालवत होती. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली. 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जासाठी नुसत्या धर्मकर्तव्याच्या नावावर मुलानातवाला धरता येत नाही, असं त्यात आलं. महाडची राख थंड होऊन 78 वर्षं लोटल्यावर! (आपण 1956 ला बौद्ध झालो तरी वारशाला तो हिंदू वारसा कायदाच आपल्याला लागतो, हे किती जणांना माहीत आहे?) कायद्यातनं गेलं, पण आपल्या डोक्यातनं गेलं नाही. भावाच्या कर्जाला तर तो आधारही कधी नव्हता. तरी मायनं हंडे स्वतः उचलून दिले. जसं काही वतनच होतं ते, बापाकडून लेकाकडं आलेलं.

मेलेल्याच्या कर्जाचा कायदा सरळ आहे. कलम 50. मेलेल्याची जी मिळकत वारसाच्या हातात आली असेल तेवढ्यापुरताच वारस जबाबदार. काही आलंच नसेल तर देणंही नाही. तिसऱ्या गल्लीतल्या बाईच्या सासूनं मागं काय ठेवलं? दोन लुगडी आणि एक शेळी. शेळी तिच्या दिवसकार्यालाच गेली. आणि सून तर सासूची वारसही नाही, वारस नवरा आणि पोरं. बाई त्या बचतगटात नव्हती, तिनं जामीन म्हणून सही केलेली नाही. मग ते दोघं कशाच्या जोरावर दोन तास बसले? तिच्या लाजेच्या. दुसरा कुठला कागद त्यांच्याकडं नव्हता. मी मागितला होता.

इथं एक सांगून ठेवतो, नाहीतर उद्या माझ्या नावानं ओरडाल. जामीन राहून सही केली असेल तर सुटका नाही, जामीनदाराला धरता येतं. घर गहाण टाकलं असेल तर गोष्ट निराळी, 2002 च्या सरफेसी कायद्यानं बँक कोर्टात दावा न लावताही ताबा घेऊ शकते. कोरा चेक देऊन ठेवला असेल तर तो वटला नाही म्हणून फौजदारी होते. म्हणून आपल्या आयाबहिणींना आधीच सांगा, कोऱ्यावर सही नाही. बाकी नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस उचलून नेत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटकच करता येत नाही, कलम 56. पुरुषालाही, ऐपत नाही म्हणून तुरुंगात टाकता येत नाही. सुप्रीम कोर्टात कृष्ण अय्यर यांनी 1980 सालीच हे ठणकावलं, जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात. ऐपत असून दडवलं तर मात्र आत जाल.

बेलिफ आला तर त्याला मारायचं नाही, अडवायचंही नाही, तो गुन्हा आहे आणि आपली पोरं विनाकारण आत जातात. तोही पोटासाठीच आलेला असतो. त्याला बसवा, चहा द्या, आणि वॉरंट मागा. त्यावर कोर्टाचा शिक्का आहे का, नाव कुणाचं आहे, किती तारखेच्या आत बजावायचं आहे, ते वाचा. मोठ्यानं वाचा, गल्लीला ऐकू जाईल असं. सूर्य मावळल्यावर आणि उगवायच्या आधी त्याला घरात शिरता येत नाही. यादीत भांडी, अंथरूण, हत्यारं लिहायला लागला तर कलम 60 दाखवा आणि हरकत त्याच कागदावर लिहायला लावा. घरातल्या दुसऱ्या माणसाची वस्तू असेल तर तेही लिहायला लावा. आणि सही वाचल्याशिवाय करू नका. मी केली होती.

पण बेलिफाच्या आधी समन्स येतं. खरी लढाई तिथं असते. दादा पेटीच्या तळाशी समन्स ठेवत होता त्या दिवशी आपण हरलो, हातगाडी नंतर आली. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. 1987 च्या कायद्यानं अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आपल्यापैकी किती जणांनी ती खोली पाहिलीय? हात वर करा बघू.

आता तर बहुतेक ठिकाणी बेलिफ येतच नाही. कोर्टात जायला वेळ लागतो, कागद लागतो. त्यापेक्षा दोन पोरं पाठवणं स्वस्त पडतं. गटातल्या नऊ बायकांना दहावीच्या दारात बसवायचं आणि तिच्या इज्जतीचा लिलाव करायचा. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या सूचना आहेत. सूक्ष्म कर्जाची वसुली ठरलेल्या जागी करायची. ऋणको तिथं लागोपाठ दोनदा आला नाही तरच घरी जायचं. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा फोन करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास, सगळं बंद. आणि परवा ते सातला आले, तेही मेलेल्या बाईच्या सुनेकडं.

त्या मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर निळ्या अक्षरात जयभीम लिहिलेलं होतं, हे तुम्ही पायरीवरून बघितलंच असेल. पोरगा बी. कॉम. आहे. मला म्हणाला, "सर, टार्गेट झालं नाही तर पगार कापतात." अगदी त्या बेलिफासारखा बोलला. फरक एवढाच की बेलिफाकडं वॉरंट होतं आणि त्याला थोडी शरम होती. या पोराला वाळीत टाका असं मी म्हणत नाही. त्याला बोलवा. आतला हिशेब त्यालाच ठाऊक असतो. परवा मी त्याला एकच विचारलं, कर्ज देताना म्हातारीच्या पैशातून विम्याचे कापले होते का? पोरगं गडबडलं. कापले होते. मग विम्याचं काय झालं? त्याला माहीत नव्हतं. सुनेला तर विमा होता हेच माहीत नव्हतं. पाच महिने ती मजुरीतून हप्ते भरत होती!

पासबुक, मृत्यूचा दाखला आणि हप्त्याच्या पावत्या मी तिच्याकडून गोळा केल्यात. एक पावती सापडत नाही. कंपनीला लेखी अर्ज द्यायचाय, पोच घ्यायचीय. तिला अर्ज लिहिता येत नाही, तुम्हाला येतो. गुरुवारी त्यांचा हप्त्याचा दिवस आहे. मी नऊ वाजता तिच्या ओट्यावर असेन. विहाराची पायरी तिथून वीस पावलांवर आहे.