घशाचे दुखणे आणि एकवीस दिवसांचे गणित

धुळ्याहून शिरपूरकडे निघाले, की मुंबई-आग्रा महामार्गावर नरडाणा लागते. उधना-जळगाव लोहमार्गावरील स्थानक, शेजारी औद्योगिक वसाहत आणि भोवती शिंदखेडा तालुक्यातील खेडी, असा हा परिसर. खानदेशातील अशा कोणत्याही गावात शाळकरी मुलाचा घसा दुखू लागला, तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हळदीचे दूध आणि फार तर तापाच्या दोन गोळ्या, एवढ्यावर उपचार संपतो. बहुतेक वेळा तेवढे पुरतेही. कारण बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि आपोआप बरी होते. मात्र काही मुलांच्या घशात 'अ' गटातील स्ट्रेप्टोकॉकस हे जिवाणू असतात. त्यांतील थोड्या मुलांच्या बाबतीत घसा बरा झाल्यावरच खरे दुखणे सुरू होते. संधिज्वर, म्हणजेच रुमॅटिक फीवर, हे त्याचे नाव.

या आजाराची चाल फसवी आहे. घशातील संसर्ग ओसरल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी ताप येतो आणि गुडघा, घोटा, मनगट असे मोठे सांधे आळीपाळीने सुजतात. या वेळी सांध्यात जंतू नसतात. जंतूंशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटलेली असते. या जिवाणूंतील काही प्रथिनांचे हृदय, सांधे आणि मेंदूतील घटकांशी साम्य असते, त्यामुळे ही गफलत होते. सांध्यांची सूज मागमूस न ठेवता उतरते. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र अनेकदा कायमची राहते. काही मुलांचे हातपाय आपोआप हलू लागतात आणि ते खोडकरपणाचे किंवा बाहेरच्या बाधेचे लक्षण समजले जाते. पाच ते पंधरा हे वय सर्वाधिक धोक्याचे. 'वाढीच्या वयात पाय दुखतातच', या समजुतीने पहिला झटका नजरेआड होतो. पुढे प्रत्येक नव्या झटक्यासरशी झडपा अधिक आकसतात. कित्येक तरुणींना आपल्या हृदयात दोष असल्याचे प्रथम कळते, ते गर्भारपणात धाप लागू लागल्यावर.

हा आजार पाठ्यपुस्तकात उरला आहे, असा शहरी समज आहे. आकडे वेगळे सांगतात. २०१५ या वर्षासाठीच्या जागतिक अंदाजानुसार संधिज्वरजन्य हृदयरोगाचे सुमारे ३ कोटी ३४ लाख रुग्ण होते आणि वर्षभरात ३ लाख १९ हजार मृत्यू झाले. सर्वाधिक, म्हणजे एक कोटीहून अधिक रुग्ण भारतात होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हरियाणातील बल्लभगड येथील अभ्यासात सहा हजारांवर शाळकरी मुले तपासली गेली. स्टेथोस्कोपने हजारी एकाहून कमी मुलांत हा दोष सापडला. इकोकार्डिओग्राफीने तेच प्रमाण हजारी वीसवर गेले. म्हणजे जेथे तपासणी फक्त कानाने होते, तेथे बहुतांश रुग्ण नोंदीबाहेरच राहतात.

या साखळीला दोन ठिकाणी तोडता येते. पहिले ठिकाण घसा. एकाएकी घसा दुखणे, ताप, गिळताना वेदना, टॉन्सिलवर पांढरट पू, मानेतील दुखऱ्या गाठी आणि खोकला-सर्दी नसणे, ही लक्षणे असतील तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. संसर्गानंतर नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तरी संधिज्वर टाळता येतो. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून दहा दिवसांचा गोळ्यांचा क्रम अर्धवट सोडू नये. प्रत्येक घसादुखीला प्रतिजैविक देणे ही दुसरी चूक. तसेच रक्तातील 'एएसओ' वाढले म्हणजे संधिज्वर झाला, असेही नाही. ती चाचणी पूर्वी झालेल्या संसर्गाची खूण दाखवते. निदान लक्षणांवरून आणि हृदयाच्या तपासणीवरून करावे लागते.

दुसरे ठिकाण अधिक अवघड. एकदा झटका येऊन गेलेल्या मुलाला पुन्हा संसर्ग होऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी द्यावे लागते. आपल्याकडे सहसा एकवीस दिवसांनी. हृदय बचावले असले तरी किमान पाच वर्षे, झडपा कायमच्या बिघडल्या असतील तर चाळिशीपर्यंत किंवा त्याहूनही पुढे. याचा अर्थ वर्षाला सतरा इंजेक्शने, तीही वरवर धडधाकट दिसणाऱ्या मुलाला. इंजेक्शन दुखते, आणि 'रिअॅक्शन'च्या भीतीने अनेक ठिकाणी ते देण्याचेच टाळले जाते. भीती निराधार नाही, पण प्रमाणाबाहेर आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अकरा देशांतील अभ्यासात ३२ हजारांहून अधिक इंजेक्शनांमागे तीव्र अॅलर्जीचे चार प्रसंग नोंदले गेले. ज्यांच्या झडपांचा आजार गंभीर अवस्थेत आहे, त्यांच्याबाबत गोळ्यांचा पर्याय विचारात घ्यावा, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये सुचवले. इतरांसाठी इंजेक्शनच अधिक भरवशाचे ठरते.

सरकारी व्यवस्थेचे गणित येथेच चुकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघर येथून झाली. त्याच्या आजारांच्या यादीत संधिज्वरजन्य हृदयरोगाचा समावेश आहे. पण शाळेत पथक येते वर्षातून एकदा, आणि इंजेक्शन लागते सतरा वेळा. धुळे-नंदुरबार-जळगाव पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि दक्षिण गुजरातेत जातात. आई-बापांबरोबर मूलही जाते. त्याच्या इंजेक्शनाचा कागद गावाकडच्या दवाखान्यात राहतो आणि पाच-सहा महिन्यांत सात-आठ मात्रा चुकतात. दाटीवाटीच्या खोपटांत घशाचा संसर्ग पसरायला हाच काळ अनुकूल असतो.

क्षयरोगाचा रुग्ण जिल्हा बदलतो, तेव्हा त्याची नोंद 'नि-क्षय' प्रणालीतून नव्या ठिकाणी पाठवता येते. संधिज्वराच्या मुलाला हीच सोय का नसावी? कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात मान्य होईल असे कार्ड, चुकलेल्या तारखेची आठवण देणारी आशाताई आणि इंजेक्शनाचा अखंड साठा, एवढ्या तीन गोष्टींची ही मागणी आहे. जागतिक आरोग्य सभेने २०१८ मध्ये या आजाराविषयी ठराव केला, तर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक तत्त्वे दिली. औषधाचा प्रश्न म्हणाल, तर पेनिसिलिनसाठी पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्येच स्थापन झाला. जे औषध या राज्याला तेव्हापासून परिचयाचे आहे, ते नरडाण्याच्या मुलाला दर एकविसाव्या दिवशी, तो जिथे असेल तिथे, मिळायला हवे. झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी योजना आणि निधी शोधण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त आहे.