संगणकाच्या कामात आमचे काय काम?

दिवाळीच्या सुट्टीनंतर महाविद्यालयाच्या फलकावर एक सूचना लागली. पुढील वर्षी निरनिराळ्या विभागांसाठी वेब अॅप्लिकेशन तयार करणारा विद्यार्थ्यांचा संघ नेमायचा आहे, तरी प्रोग्रामिंग येणाऱ्या विद्यार्थ्यांनीच नावे द्यावीत, अशी. ती वाचून कला शाखेतली मंडळी सुटकेचा निःश्वास टाकून चहाला निघून गेली. मला मात्र त्यातल्या 'च'ने अडवले. अव्ययाचा अर्थ मराठीच्या विद्यार्थिनीला वेगळा सांगावा लागत नाही. हा 'च' तिथे असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत हवेतून आलेले नाही. गेल्या वर्षी अशाच एका संघात मी होते. आम्ही सहा जण : दोघे बी.सी.ए.चे, मराठीच्या दोघी, एक इतिहासाची आणि एक राज्यशास्त्राचा. मराठी विभागाचा स्वतःचा दोनेक हजार पुस्तकांचा संग्रह आहे. त्याची शोधसूची व देवघेव संगणकावर आणायची, एवढेच काम. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते : वेब अॅप्लिकेशन म्हणजे नुसते वाचायचे पान नव्हे. माणूस तिथे काही विचारतो, काही लिहितो, आणि पलीकडे कुठे तरी त्याची नोंद राहते. हे 'नोंद राहते' प्रकरण पुढे फार महत्त्वाचे ठरणार आहे.

पहिला प्रश्न पडला तो असा की, मुळात हे बांधायचेच कशाला? ग्रंथालयांसाठी 'कोहा' नावाची मुक्त प्रणाली तयार आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातील ग्रंथालयासाठी ती १९९९ साली लिहिली गेली, २००० च्या जानेवारीत तिथे सुरू झाली, आणि आज भारतातही अनेक ग्रंथालये ती वापरतात. ('कोहा' हा माओरी शब्द, अर्थ, भेट. किती सुंदर नाव!) परंतु चार कपाटे आणि एक वही असलेल्या विभागाला तो हत्ती पोसवणारा नव्हता. म्हणून लहानसे काही तरी आपणच करावे असे ठरले. ते ठरायलाच तीन बैठका गेल्या, आणि त्यांत संगणकाला कोणी हातही लावला नाही.

पुढचा आठवडा आम्ही आळीपाळीने विभागाच्या दारात बसून काढला. कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारे मामा आणि पुस्तक मागायला येणारे विद्यार्थी यांची बोलणी ऐकत राहिलो. पुस्तकाचे पूर्ण नाव सांगून मागणारा विरळाच. "मामा, यंदा नेमलेलं नाटक द्या ना", "ते निळ्या पुठ्ठ्याचं, मागच्या आठवड्यात सरांनी वर्गात आणलेलं", अशी मागणी व्हायची. तेव्हा नाव आणि लेखक यांच्या जोडीने 'कोणत्या वर्षाला नेमले आहे' हाही रकाना हवा, हे मामांच्या शेजारी बसून कळले. ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडले नसते.

मग आराखडा. बी.सी.ए.च्या मित्राने फळ्यावर चौकटी आखल्या : पुस्तक, लेखक, वाचक. लेखकाच्या चौकटीत एक ओळ, 'नाव'. माझ्या मैत्रिणीने सहज विचारले, "कुसुमाग्रज कुठे लिहायचे?" त्याला प्रश्नच कळेना. तिने समजावून दिले : 'विशाखा' (१९४२) हा संग्रह कुसुमाग्रजांचा आणि 'नटसम्राट' (१९७०) हे नाटक वि. वा. शिरवाडकरांचे, माणूस एकच. 'जोगवा'चे कवी आरती प्रभु आणि 'कोंडुरा'चे कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकर, हेही एकच. मुखपृष्ठावर छापलेले नाव तसेच लिहावे, तर शिरवाडकर शोधणाऱ्याला कविता मिळायची नाही. सर्वत्र खरे नाव लिहावे, तर आरती प्रभु शोधणाऱ्याच्या हाती भोपळा. शेवटी 'माणूस' आणि 'नाव' अशा दोन वेगळ्या चौकटी झाल्या. एका माणसाला हवी तितकी नावे, आणि पुस्तक जोडायचे ते त्यावर छापलेल्या नावाला. मित्र म्हणाला, "एवढंच ना? हे तर आम्ही दुसऱ्याच सत्रात शिकतो." खरेच आहे. औषध त्याच्याजवळ होते; रोग आहे, हे मात्र आम्हांला ठाऊक होते.

शुद्धलेखनाचे तसेच. १९६२ च्या नियमांनी आपल्या लेखनातले बरेच अनुस्वार गेले, पण आमच्या कपाटांत त्याआधीची पुस्तके पुष्कळ. 'कांहीं' आणि 'नांव' छापलेल्या शीर्षकाला 'काही' आणि 'नाव' टंकणारा विद्यार्थी कसा भेटणार? संगणकाला ते शब्द सर्वस्वी निराळे. उपाय असा ठरला की, शोधताना दोन्ही बाजूंचे अनुस्वार काढायचे, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद विसरायचा, आणि मग ताडून पाहायचे. दाखवताना मात्र शीर्षक मूळ छपाईप्रमाणेच. यात 'रंग' आणि 'रग' एकच होतात, अशी हरकत निघाली, आणि ती रास्त होती. त्यावर दोन संध्याकाळी वाद झाला. नको असलेली चार पुस्तके समोर आली तर वाचक त्यांवरून नजर फिरवील. हवे असलेले एक आले नाही, तर ते संग्रहात नाहीच असे समजून तो निघून जाईल. ह्या विचाराने अनुस्वार गेले ते गेलेच.

अकारविल्हे यादी लावतानाही तीच गत. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या लगेच मागे बसवलेला आहे. त्यामुळे 'काळ' आधी आणि 'कावळा' नंतर येतो. आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह'नंतरचा, म्हणजे कावळा आधी. मराठीचा क्रम लावण्याची सोय संगणकात असते, परंतु ती मागावी लागते, आणि मागण्यासाठी वर्णमाला पाठ असावी लागते.

संघ चालवण्याविषयी फार लिहीत नाही. भांडणे सगळीकडे सारखीच असतात. एकच गोष्ट सांगते. प्रात्यक्षिकाला दोन आठवडे उरले असताना आणखी चौघांना घ्यावे अशी सूचना आली. आय.बी.एम.मध्ये प्रचंड प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले आहे की, उशीर झालेल्या कामावर माणसे वाढवली तर उशीर वाढतो. सहा जणांत बोलण्याच्या जोड्या पंधरा होतात, दहा जणांत पंचेचाळीस! आम्ही माणसे वाढवली नाहीत, काम कमी केले. पुस्तकांना तारे देणे, अभिप्राय लिहिणे, मुखपृष्ठांची छायाचित्रे हे सारे गळाले. कोणालाही त्याची आठवण झालेली नाही.

आता त्या नोंदीकडे येते. विभागातल्या एका प्राध्यापकांनी सद्भावनेने सुचवले की, कोणी कोणती पुस्तके नेली हे आता संगणकाला कळतेच आहे, तर 'उत्कृष्ट वाचक' यादी नावांसह आणि पुस्तकांसह झळकवावी. त्याने वाचनाला उत्तेजन मिळेल. कल्पना गोड होती. आमच्यातले निम्मे तयारही झाले. राज्यशास्त्राचा मित्र तेवढा हटून बसला. तो म्हणाला, "कपाटात र. धों. कर्व्यांचं लिखाण आहे. ते घरी नेणाऱ्या मुलीचं नाव तुम्ही फलकावर लावणार?" १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवणाऱ्या माणसाचे पुस्तक नेताना आजही एखादी मुलगी ते वर्तमानपत्रात गुंडाळून नेते, हे आम्ही सर्वांनी पाहिलेले आहे. वहीतही ही नोंद होतीच, असे कोणी म्हणेल. होती, पण वहीत एका मुलीची वर्षभराची पुस्तके शोधायची तर तासभर पाने उलटावी लागत. त्या कंटाळ्याने वाचकाचे रक्षण केले होते. संगणक ती गोष्ट एका क्षणात करतो, आणि करू नये असे त्याला कोणी तरी मुद्दाम सांगावे लागते.

२०२३ साली संसदेने केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे तत्त्वही हेच आहे : ज्या कामासाठी माहिती घेतली त्यापुरतीच ती वापरावी, आणि काम संपले की पुसावी. पण विभागाची बाजूही खोटी नव्हती. फाटलेले पान पुढच्या वाचकाच्या लक्षात आले, तर जाब कोणाला विचारायचा? तेव्हा असे ठरले की, परत आलेल्या पुस्तकावर शेवटच्या वाचकाचे नाव राहील, ते पुढचा वाचक पुस्तक परत करीपर्यंत. त्यानंतर नाव जाईल आणि पुस्तक किती वेळा बाहेर गेले हा आकडा तेवढा उरेल. प्राध्यापक महोदयांना हे पूर्णपणे पटले नाही, आणि अजूनही पटलेले नाही. मला विचाराल, तर साऱ्या कामातला सर्वांत चांगला निर्णय तोच होता, आणि त्यात प्रोग्रामिंगच्या मोजून थोड्या ओळी होत्या.

विद्यार्थ्यांच्या कामाचे एक दुखणे म्हणजे विद्यार्थी जातात. तृतीय वर्ष संपले की संकेतशब्द एकाच्या मोबाइलमध्ये आणि पत्त्याचे वार्षिक भाडे दुसऱ्याच्या खात्यातून, अशी स्थिती होते, आणि पुढच्या जूनमध्ये पान उघडत नाही. म्हणून सगळे विभागाच्या नावावर घेतले. संकेतशब्द पाकिटात घालून विभागप्रमुखांच्या कपाटात ठेवले. दर शनिवारी साऱ्या यादीची एक साधी प्रत निघते, ती कागदावर छापता येते. कार्यपुस्तिका इतिहासाच्या मैत्रिणीने मराठीत लिहिली, आणि ती मामांनी वाचून दुरुस्त केली. मामांना जिथे अडले, तिथे वाक्य बदलले. जुनी देवघेव वही आम्ही फेकलेली नाही. वीज गेली की तीच उघडते.

आणि काम संपलेले नाही. 'माणूस' आणि 'नाव' यांच्या तक्त्यात अजून बऱ्याच जागा कोऱ्या आहेत. जुन्या दिवाळी अंकांतले कितीतरी लेखक केवळ आद्याक्षरांनी लिहीत. ते कोण, हे ठरवायला अंक चाळणारे कोणी तरी हवे. बी.सी.ए.चा मित्र मंगळवारी दुपारी विभागात येऊन बसतो. त्याने तक्ता उघडून ठेवलेला असतो. शेजारची खुर्ची रिकामी आहे.