आठ तासांचं बंदर आणि तीन तासांचा शिवनेरी

पोस्ट मोठी झालीये, पण सवड काढून वाचा. विशेषतः जुन्नर-आंबेगावच्या मित्रांनी, कारण विषय परदेशातला वाटला तरी आपल्याच दारातला आहे.

माझं मंचरला खता-औषधांचं दुकान आहे, हे बहुतेकांना माहीत आहे. आमच्या धंद्यात कंपन्यांच्या स्कीम असतात. टार्गेट पूर्ण झालं की टूर. यंदा नंबर लागला सिंगापूरच्या क्रूझचा. आम्ही चाळीसएक दुकानदार निघालो. बॅगेत चिवडा, शेंगदाण्याची चटणी, खाकरे. समुद्र म्हणजे आमच्यासाठी अलिबाग आणि काशीद, त्यामुळे बारा-चौदा मजली जहाज बघून पहिला दिवस लिफ्टमधून वर-खाली करण्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज मलेशियातल्या पेनांग बेटावर जॉर्ज टाऊनला लागलं. मुक्काम फक्त आठ तास. संध्याकाळी जहाज सुटणार, उशीर झाला तर थांबणार नाही, हे आदल्या रात्रीच चार वेळा बजावलं होतं.

आता गंमत बघा. जहाजावर अडीच-तीन हजार माणसं. त्यातली बरीच खाली उतरलीच नाहीत! आमच्यातलेही दहा-बाराजण म्हणाले, "वर जेवण फुकट आहे, उन्हात कुठं फिरायचं?" जे उतरले त्यांनीही नाश्ता दाबून केलेला, पाण्याच्या बाटल्या सोबत. म्हणजे त्या गावात तीन हजार पाहुणे आले, पण पैसा जहाजावरच राहिला. क्रूझचा धंदाच तसा आहे. खाणं, झोपणं, करमणूक सगळं आत. बंदराच्या वाट्याला येते ती गर्दी.

हे बघून मला पहिला आठवला तो आपला शिवनेरी.

रविवारी पुण्या-मुंबईहून गाड्या येतात. डबा घरचा, पाणी हायवेवर घेतलेलं. गाडी थेट किल्ल्याच्या पायऱ्यांपर्यंत. दोन-तीन तासांत शिवाईदेवी, जन्मस्थान, कडेलोट टोक, फोटो, आणि परत खाली. वेळ उरला तर लेण्याद्री-ओझर. जेवण पुन्हा हायवेच्या हॉटेलात. जुन्नर शहराच्या पेठांत किती जणांचे पाय लागतात? मंचर आणि नारायणगावला बायपास झाला तेव्हा रस्त्यावरच्या वडापाववाल्यांचं, रसवंतीवाल्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय. जुन्नर शहराला तर पर्यटकांचा बायपास कधीचाच पडलाय, फक्त त्याचं उद्घाटन कुणी केलं नाही.

पुन्हा जॉर्ज टाऊनकडे येतो. ते गाव फार जुनं नाही. 1786 मध्ये फ्रान्सिस लाइट नावाच्या इंग्रजाने तिथं ईस्ट इंडिया कंपनीचं ठाणं वसवलं. चिनी, तमिळ, मलाय, अरब व्यापारी आले आणि बंदर वाढलं. 2008 मध्ये युनेस्कोने मलाक्का शहरासोबत त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. म्हणजे आपलं वय धरलं तर ते गाव आपल्या पणतवंडासारखं. पण त्यांनी आहे ते कसं मांडलंय ते बघण्यासारखं आहे.

धक्क्यावरून बाहेर पडलो की समोरच घड्याळाचा मनोरा. इंग्रजांच्या राणीच्या कारकिर्दीला 60 वर्षं झाली म्हणून 60 फूट उंच. बाजूला किल्ला. किल्ला म्हणजे आपल्या चावंड-हडसरपुढे अगदी पोरखेळ, सपाट जमिनीवरची बुटकी भिंत. पण गाव तिथूनच पायाखाली सुरू होतं. दुकानांच्या पुढे सलग ओसरी. ऊन-पाऊस काही असो, डोक्यावर छप्पर. जुन्या भागात फिरणारी एक बस चक्क फुकट. गल्लीच्या तोंडावर लोखंडी सळ्या वाकवून केलेली चित्रं, आणि त्यात त्या गल्लीत पूर्वी काय चालायचं त्याचा एक किस्सा. गाईड नाही, तिकीट नाही, माणूस चालता चालता वाचतो आणि पुढच्या गल्लीत शिरतो.

एकाच रस्त्यावर चर्च, चिनी मंदिर, मरियम्मनचं तमिळ देऊळ आणि आपल्याकडच्या मुसलमान व्यापाऱ्यांनी उभारलेली कपितान केलिंग मशीद. मी भर उन्हात तीन तास चाललो. मंचरमध्ये दुकानातून बँकेत जायला गाडी काढणारा माणूस मी! पण चाललो, कारण दर पन्नास पावलांवर काहीतरी होतं. आणि चाललो म्हणून तहान लागली, भूक लागली, खरेदी झाली. चिनी टपरीवर बर्फाची खीर खाल्ली, घरच्यांसाठी मसाले घेतले. सगळी मिळून हजार-बाराशे रुपयांची उलाढाल, पण ती पाच वेगवेगळ्या हातांत गेली.

मला सांगायचा मुद्दा हाच आहे. पाहुणा गाडीतून उतरून गावात चालला तरच गावाला त्याचा उपयोग.

आता आपल्याकडे काय आहे ते मोजू. समुद्र नाही हे खरं, पण जुन्नर हे एके काळी बंदराचंच दुसरं टोक होतं. सोपारा-कल्याणला उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण आजही आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे असं आपण लहानपणापासून ऐकतो. शेजारच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. जुन्नरभोवती दोनशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत. त्यांतल्या लेखांत दान देणारे यवन आहेत, म्हणजे पश्चिमेकडून आलेले परदेशी. कल्याणचा सोनार आहे, धान्य व्यापाऱ्यांची संघटना आहे. म्हणजे मार्केट यार्डाच्या असोसिएशनने देणगी देऊन पाटी लावावी, तसंच! नंतर निजामशाहीचा जन्म इथला. सौदागर घुमट इथला. जुन्नरचा हातकागद पेशवाईत नावाजलेला. आणि 19 फेब्रुवारी 1630 बद्दल मी सांगायला नको.

हे सगळं जॉर्ज टाऊनच्या माणसाला दिलं असतं तर त्याने काय केलं असतं? आणि आपण काय केलं? नाणेघाटावर पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला गर्दी होते. सोमवारी सकाळी त्या रांजणाच्या आसपास जाऊन बघा. दोन हजार वर्षांपूर्वी तिथं जकात गोळा व्हायची, आता कुरकुऱ्याची पाकिटं गोळा होतात.

2018 मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला. आपण फटाके वाजवले, फ्लेक्स लावले. 11 जुलै 2025 ला युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपला शिवनेरी. पुन्हा फ्लेक्स. अभिमान मलाही आहे, त्या रात्री मी स्वतः पेढे वाटलेत. पण जो शिक्का जॉर्ज टाऊनला 2008 मध्ये मिळाला तो आता आपल्याला मिळालाय. शिक्का मिळाल्यावर गावाचं काय होतं ते त्यांच्याकडे दिसतं. चांगलंही आणि वाईटही.

वाईट काय, ते मला एका तमिळ दुकानदाराने सांगितलं. लिटल इंडियाच्या बाजारात अगरबत्ती-समईचं दुकान. मी गंध लावलेला पाहून बोलायला लागला. माझं इंग्रजी मोडकं, त्याचं हिंदी सिनेमातलं, जमलं कसंतरी. मी कौतुक केलं, "तुमचं गाव फार छान ठेवलंय." तो हसला. म्हणाला, "छान आहे, पण इथं राहतं कोण? वडिलांच्या वेळी वर घर, खाली दुकान. आता वरच्या खोल्या हॉटेलला. माझे शेजारी सगळे लांब राहायला गेले. मीही रोज बसने येतो."

नंतर कळलं ते असं. तिथं जुना भाडेनियंत्रण कायदा होता, तो 1999 च्या अखेरीस संपला. भाडी वाढली, जुने भाडेकरू निघाले. पुढे वारशाचा शिक्का आला तसे जागांचे भाव आणखी चढले. घरांची कॅफे झाली, लॉज झाले. समुद्रात खांबांवर उभी असलेली चिनी लोकांची लाकडी वस्ती आहे. तिथं लोक अजून राहतात, पण घरोघरी दारावर फोटो काढू नका असे बोर्ड. पर्यटक लोकांच्या स्वयंपाकघरात डोकावतात! व्हेनिसची गोष्ट तर पेपरात वाचली असेल. 2024 मध्ये गर्दीच्या दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना तिथं पाच युरो भरावे लागले. आधी पाहुणे या म्हणून विनवण्या, मग पाहुण्यांनाच दारात जकात.

आपल्याकडे हे होणार नाही असं समजू नका. सुरू झालंय. डिंभ्याच्या पाण्याच्या कडेने, माळशेजच्या रस्त्याला, जमिनी कुणाच्या नावावर चालल्यात ते आपल्याला माहीत आहे. धरणात एकदा गावं गेली, ती घोड नदीकाठची माणसं अजून त्या जखमेबद्दल बोलतात. आता कागदावर सही करून जमीन जाते. ज्याने विकली तो त्याच फार्महाऊसवर वॉचमन, आणि त्याची बायको तिथंच भाकऱ्या थापायला रोजाने. पर्यटनाने रोजगार मिळाला म्हणतात तो हा असेल, तर असला रोजगार आपल्याला नको.

काहीजण म्हणतील, तू एक दिवस परदेश बघून आलास आणि शहाणपणा शिकवतोस. मान्य. आठ तासांत गाव कळत नाही. शिवाय तिथं पैसा आहे, आपली नगरपालिका लहान. तेही मान्य. पण मी सांगतोय त्यातल्या निम्म्या गोष्टींना पैसा कमी आणि एकमत जास्त लागतं.

पहिलं, शनिवार-रविवार आणि सुट्टीला गाड्या शहराबाहेर थांबवा. तिथून शिवनेरीचा पायथा, जुनी पेठ, लेण्याद्री अशी छोटी बस फिरवा. दहा-वीस रुपये तिकीट ठेवा. स्थानिक जीपवाल्यांनाच ते काम द्या, म्हणजे त्यांचा विरोध राहणार नाही.

दुसरं, पेठेतून पायी फिरायचा एक रस्ता आखा. जुने वाडे, घुमट, कागदाचा इतिहास. चांगल्या मराठीत छोट्या पाट्या. मजकूर लिहायला आपल्याकडे शिक्षक आणि इतिहासाचे अभ्यासक भरपूर आहेत, फुकट लिहितील.

तिसरं, पायथ्याशी बचत गटाच्या बायकांना कायमची, छपराची, पाण्या-वीजेची जागा. मासवडी-भाकरी, हंगामात द्राक्षं, आदिवासी पट्ट्यातला हिरडा, मध, हातसडीचा तांदूळ. आज त्यांना सणापुरता स्टॉल मिळतो आणि फोटो निघाला की मांडव उठतो. आणि ही जागा लिलावात काढू नका, नाहीतर बोली कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी नको.

चौथं, जुना वाडा असणाऱ्याला नुसत्या नोटिसा देऊ नका. पेनांगमध्ये थिंक सिटी नावाच्या सरकारी कंपनीने 2009 पासून जुन्या इमारतींच्या डागडुजीला अनुदान दिलं. आपल्याकडे वाड्याचा मालक दोन्हीकडून मरतो. दुरुस्ती परवडत नाही, आणि पाडला तर आपणच हळहळतो.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं. जॉर्ज टाऊनचा वारसा सांभाळायला 2010 मध्ये राज्य सरकारने एक वेगळी संस्थाच काढली. आपल्याकडे किल्ला पुरातत्त्वकडे, झाडं वनखात्याकडे, रस्ता बांधकामकडे, कचरा ग्रामपंचायतीकडे, आणि जबाबदारी कुणाकडेच नाही. एक टेबल असावं, तिथं हे सगळे महिन्यातून एकदा बसतील, आणि त्यात गावातले, आदिवासी भागातले लोक असतील. निमंत्रित म्हणून नको, मत असलेले सदस्य म्हणून.

परतीच्या संध्याकाळी जहाजाच्या डेकवरून गाव लहान होताना दिसत होतं. शेजारी ओतूरचा एक दुकानदार मित्र उभा होता. तो दिवसभर वरच होता, खाली उतरलाच नव्हता. मला म्हणाला, "काय होतं रे तिकडे?" मी सांगायला लागलो, तर पाच मिनिटांत तो म्हणाला, "आपल्याकडे याच्या दसपट आहे की."

आहे ना. मी तरी दुसरं काय म्हणतोय? पण हा माणूस ओतूरचा, आणि नाणेघाटातला लेख त्याने आजवर पाहिलेला नाही. जहाजावरून न उतरणारे फक्त पर्यटकच नसतात, आपणही असतो.

तेव्हा येत्या रविवारी एक करा. पोरांना घेऊन जुन्नरच्या पेठेत गाडी लावा आणि दोन तास पायी फिरा. काय दिसलं, काय खटकलं ते खाली कमेंटमध्ये लिहा. राजकारण नको, पक्ष नको, नुसतं जे दिसलं ते. पन्नास लोकांनी लिहिलं तरी ती यादी घेऊन मी स्वतः नगरपालिकेत आणि पंचायत समितीत जाईन. सोबत कोण येतंय तेही सांगा.

बघा, पटतंय का.