हँडल उंचावलं, पाइपचं काय?

पावसाळा सरला की भद्रावतीतल्या दुचाकीवाल्यांचे बेत सुरू होतात. आलापल्ली, हेमलकसा, भामरागड, जमलंच तर सिरोंचा. पाठीला आराम हवा म्हणून आधी हँडल बदललं जातं. हौसेला माझी हरकत नाही. उंच माणसाला मनगटांवर भार टाकून इतकं लांब जाणं जिवावर येतंच. हरकत आहे ती गॅरेजच्या बिलावर. त्यात हँडल असतं, रायझर असतो, कधी कधी (देवा!) वेल्डिंगही असतं, ब्रेकचा पाइप मात्र नसतो.

हा पाइप कंपनीने मूळ हँडलच्या मापाचा दिलेला असतो. हँडल वर सरकलं की त्याची ढील संपते. गाडी स्टँडवर असताना काही कळत नाही. हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा, पुढचं चाक अधांतरी उचलून शॉकअप पूर्ण सुटू द्या, मग बघा. कुठेही ताण दिसला तर लांब पाइप घालायचा, त्यात घासाघीस नाही. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलचंही तेच. हँडल वळवल्यावर इंजिनाची रेस आपोआप वाढली, तर केबल आखूड पडली म्हणून समजा.

१२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. अशा गाडीत एक पाइप मास्टर सिलिंडरपासून एबीएसच्या युनिटकडे जातो आणि दुसरा तिथून कॅलिपरकडे, म्हणून बहुधा वरचा तेवढाच बदलून भागतं. पण युनिटमध्ये हवा शिरली तर लिव्हर कितीही दाबा, ती निघेलच असं नाही. काही गाड्यांना कंपनीचं स्कॅनर जोडून आतला पंप फिरवावा लागतो. ती सोय नसेल त्या गॅरेजात हे काम देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टीलच्या जाळीचा पाइप चांगला. आत टेफ्लॉनची नळी असते, दाबाखाली फारशी फुगत नाही, लिव्हर घट्ट लागतो. मात्र वर प्लास्टिकचं आवरण असलेलाच घ्या, नाहीतर ती जाळी टाकीचा रंग कानशीसारखा खरवडते. बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे हवेत. जुने दाबून चपटे झालेले असतात आणि तिथूनच तेल पाझरतं. वॉशरला पैसे ते किती लागतात!

तेल सीलबंद डब्यातलंच. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतला ओलावा शोषल्यावर तीच हद्द १५५ पर्यंत उतरू शकते. आपल्याकडे घाट नाहीत हे खरं, पण तीच गाडी उद्या चिखलदरा उतरणार असते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एम-एच ३४ वाल्यांनी हँडल विकत घेण्याआधी चंद्रपूरच्या आरटीओत विचारलेलं बरं.

काम झालं की पहिला जोराचा ब्रेक मोकळ्या मैदानात, हळू वेगात मारून बघा. माजरीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकमागे नको, आणि चितळं आडवी येतात त्या मोहर्लीच्या वाटेवर तर नकोच.