काळं पिल्लू कुणी नेत नाही

ऑफिसमधल्या मैत्रिणीचं माहेर येडगावचं. धरणाच्या कडेला सकाळचा गारवा, चुलीवरची भाकरी आणि दोन दिवस मोबाइलला रेंज नाही, या आमिषाला भुलून मी शनिवारी तिच्याबरोबर निघाले. (रेंज होती. बॉसचा मेलही आला. असो!) नारायणगावहून आत वळलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. घरी पोचलो, चहा झाला आणि गोठ्यामागून कुईकुई ऐकू आलं.

पाच पिल्लं होती. दोन तांबडी, एक पांढरं त्यावर तपकिरी ठिपके, आणि दोन काळी कुळकुळीत. त्यांची आई आठवड्यापूर्वी रात्री उसाकडे भुंकत गेली ती परत आलीच नाही. ‘वाघानं नेली,’ आजी म्हणाल्या. इकडे बिबट्याला सर्रास वाघच म्हणतात. आमच्या शेजारच्या अकोल्याच्या शेतांमधल्या बिबट्यांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्यांच्या पोटात जाणाऱ्या भक्ष्याच्या वजनात कुत्र्यांचा वाटा तब्बल ३९ टक्के निघाला होता. म्हणजे आजींचं म्हणणं गावगप्पा नव्हतं. ऊसतोड सुरू झाली की बिबटे आणखी इकडेतिकडे होणार. पिल्लांना महिनाभरात घरं मिळणं गरजेचं होतं.

आम्ही काय केलं? तुम्ही केलं असतं तेच. पटापट फोटो काढले आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. आजी बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘तांबडी जातील पोरी. काळं कुणी नेत नाय बघ.’’

मी मनात हसले. आमचा ग्रुप म्हणजे शिकलेली, दोन-दोन फॉरेन ट्रिप केलेली मंडळी! सोमवारी लंचपर्यंत दोन्ही तांबडी आणि ते ठिपकेवालं बुक झालं. ‘सो क्यूट’चा पाऊस पडला. काळ्यांच्या वाट्याला काय आलं? ‘हे दोन आहेत की एकच?’ ‘तोंड कुठल्या बाजूला आहे?’ ‘मला चालेल गं, पण आई काळं नको म्हणते.’ आणि एकाचा निरागस प्रश्न, ‘गोल्डनसारखं दिसणारं नाही का एखादं?’

प्राण्यांच्या निवाऱ्यांत काम करणाऱ्यांना यात नवीन काही नाही. अमेरिकेत तर याला नावच आहे, ब्लॅक डॉग सिंड्रोम. काळी कुत्री, काळी मांजरं मागे राहतात, अशी तिथल्या लोकांची जुनी तक्रार. पण आकडे काढले तेव्हा गंमत झाली. मांजरांच्या बाबतीत तक्रार खरी निघाली; कोलोरॅडोतल्या दोन निवाऱ्यांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये एक अभ्यास आला, त्यात काळ्या मांजरांना घर मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागत होता. कुत्र्यांचं मात्र तसं ठाम दिसलं नाही. २०१५ च्या एका अभ्यासात रंगापेक्षा वय आणि जात जास्त महत्त्वाची ठरली. काही ठिकाणी तर काळ्या रंगाची जनावरंच मुळात जास्त येतात, त्यामुळे ती जास्त उरलेली दिसतात, असंही एक स्पष्टीकरण आहे.

म्हणजे आजी चुकल्या? तसं म्हणवत नाही. कारण ते आकडे प्रत्यक्ष निवाऱ्यात जाऊन, पिंजऱ्यासमोर उभं राहून निवडणाऱ्यांचेही आहेत. आपण निवडतो स्क्रीनवर, अंगठ्याने, लिफ्टची वाट बघता बघता. तिथे काळं पिल्लू फोटोतच मार खातं. मागे भगभगीत ऊन असलं की मोबाइलचा कॅमेरा उजेड त्या उन्हाप्रमाणे ठरवतो आणि पिल्लाच्या जागी शाईचा डाग उरतो. डोळे काळे, नाक काळं, अंग काळं. भावच दिसत नाहीत, तर जीव कशावर जडणार? फोटोंचाही एक अभ्यास आहे, २०१५ मधलाच. ज्या फोटोंत कुत्रं उभं आहे, मोकळ्या जागेत आहे आणि थेट कॅमेऱ्यात बघतंय, ती कुत्री लवकर गेली. माझ्या फोटोंत आमची काळी जोडी गोणपाटावर एकमेकांत पाय अडकवून झोपली होती. दोष रंगाचा कमी, फोटोग्राफरचा जास्त.

पण सगळं कॅमेऱ्यावर ढकलून मोकळं होणंही बरोबर नाही. लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ शोधणारी आपली नजर गोठ्यात शिरताना काही बाहेर चपला काढून येत नाही. २०२० मध्ये एका प्रसिद्ध क्रीमने नावातून ‘फेअर’ काढलं, डब्यांवरचं नाव बदललं, आपल्या डोक्यातलं? त्यात काळी मांजर आडवी गेली की गाडी थांबवणारे आपल्यातच आहेत, इंजिनीअरसुद्धा. याच काळ्या मांजराला ब्रिटनमध्ये बरेच जण शुभ मानतात! तरीही तिथल्या एका संस्थेला २०११ पासून दर २७ ऑक्टोबरला काळ्या मांजरांचा दिवस साजरा करावा लागतो, कारण तीही निवाऱ्यात मागेच राहतात.

आपल्याकडचा हिशेब आणखी गमतीचा. काळा कुत्रा कालभैरवाचं वाहन. शनीची साडेसाती असली की शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालायची. म्हणजे आठवड्यातून एक दिवस त्याच्यासारखा व्हीआयपी नाही. बाकीचे सहा दिवस त्याने काय खायचं, हे कुठल्या ज्योतिषाने सांगितल्याचं ऐकलं नाही.

आणि काळा रंग आपल्याला आवडत नाही असंही नाही हं! ताडोब्यात २०१८ मध्ये काळा बिबट्या दिसला तेव्हा त्याच्या फोटोंवर आपण किती हरखलो होतो. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. तिथल्या एखाद्या पिंजऱ्यात तसला काळा असता, तर बघायला पुण्याहून रांग लागली असती. अंगावरचा काळा रंग तोच. दुर्मीळ असला की रुबाबदार, गोठ्यात असला की ‘आई नको म्हणते’.

पुढच्या शनिवारी मी परत गेले, या वेळी तयारीने. सकाळी आठच्या आत, गोठ्याच्या सावलीत, उजेड पिल्लांच्या तोंडावर येईल असं बसवलं. मागे आजींचं फिकट पिवळं लुगडं वाळत होतं, तेच बॅकग्राउंड. गळ्यात लाल दोरी. स्क्रीनवर डोळ्यावर बोट टेकवायचं आणि उजेड थोडा वाढवायचा, एवढंच. एकाने पापड खाताना वर बघितलं आणि डोळ्यांत चमकणारे दोन ठिपके आले. काळ्या केसांत तांबूस झाक असते, हे मला तेव्हा कळलं.

(एक सांगून ठेवते. काळं कुत्रं घ्याल तर गोचीड नजरेने दिसत नाही, रोज हाताने चाचपायची. उन्हात ते लवकर तापतं, त्यामुळे मे महिन्यात दुपारचं फिरणं बंद. आणि तोंडाभोवती पांढरे केस आले की लगेच उठून दिसतात, म्हणून त्याला म्हातारं ठरवू नका.)

काळ्या बोक्यासारखा दिसणारा तो जाडा नर त्याच दिवशी गेला, पण फोटोमुळे नव्हे! शेजारच्या टोमॅटोवाल्या काकांना राखणीला काळाच हवा होता. ‘‘रात्री चोराला दिसला नाय पाहिजे,’’ त्यांचं साधं गणित. बिबट्याच्या भीतीने त्यांनी खिळ्यांचा पट्टाही आणून ठेवला होता. शहरात जो रंग नको, तो इथे क्वालिफिकेशन.

राहिली मादी. काळी, त्यात मादी, त्यात ‘गावठी’. आता आपण गावठीला इंडी म्हणतो, तेवढाच तिचा फायदा. नवा फोटो टाकल्यावर चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी हडपसरहून एका जोडप्याचा फोन. नवरा बोलत होता, मागून बायकोचा आवाज, ‘‘विचार ना, फोटोतल्यासारखीच आहे का?’’

मी म्हटलं, येऊन बघा. फ्लोरिडात २०१४ मध्ये झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की, भेटीला आलेल्या माणसाच्या शेजारी येऊन पडणाऱ्या कुत्र्याला घर मिळण्याची शक्यता तसं न करणाऱ्यापेक्षा १४ पट होती. हे त्यांना सांगितलं नाही, हिला मात्र दोनदा सांगून झालंय.

रविवारी सकाळी अकराला ते नारायणगावच्या स्टँडवर येणार आहेत. आजींनी तिला आंघोळ घालायला सक्त मनाई केलीय, थंडी बाधेल म्हणून. हे लिहिताना ती माझ्या चपलेवर डोकं टेकून झोपली आहे. तोंड कुठल्या बाजूला आहे, ते मला बरोबर दिसतंय.